डोहाळे पातेल्याचे

(मेक्सिकोतल्या वाहाकाजवळचं कुंभारांचं गाव. स्वयंपाकघरात सासू तोमासा, तिचा मुलगा हासिंतो आणि पोटुशी सून नोएमी. मेजावर एक नवंकोरं पातेलं.)

तोमासा : राजे आले, बिशप आले, क्रांत्या झाल्या, रेल्वे आली आणि बंदसुद्धा पडली. या चुलीवरचं मडकं मात्र जागचं हललं नाही. सात पिढ्या याच्यातला घेवडा खाऊन मोठ्या झाल्या.

हासिंतो : आई, हे मी गेल्या नाताळात भाजलं. आधीचं तू शेजारणीच्या कोंबड्याला फेकून मारलंस.

तोमासा : मडकं फुटतं, हासिंतो. घराणं फुटत नाही.

नोएमी : मडकं घरातून काढा असं कुठं म्हणतेय मी, सासूबाई? बाळ होईपर्यंत माझा घेवडा या स्टीलच्या पातेल्यात शिजू द्या, एवढंच.

तोमासा : कुंभाराच्या घरात स्टील. अंगणात गिऱ्हाईक उभं असताना हे खिडकीतून लखलखलं म्हणजे झालंच आमचं. मघाशी शालीखाली पोट एवढं दिसत होतं ते हे होय? मी जुळी समजून देवापुढे दोन मेणबत्त्या लावून आले.

नोएमी : राहू द्यात. एक पातेल्याच्या नावानं जळेल.

हासिंतो : नर्सबाईच म्हणाल्या, आई. आपल्या हिरव्या झिलईत शिसं असतं. टोमॅटो पडला, लिंबू पडलं की ते अन्नात उतरतं. नोएमीच्या रक्तात निघालंय.

तोमासा : मी नऊ पोरं काढली याच मडक्यावर.

हासिंतो : त्यातला लोरेन्सो अजून शर्ट घालताना डोकं बाहीतून काढतो.

तोमासा : तो बापावर गेलाय. ते शिसं दिसतं का कुठे?

नोएमी : नाही दिसत.

तोमासा : मग सोड. ग्रहण दिसतं. पुढच्या आठवड्यात ते पोराचा ओठ कुरतडू नये, म्हणून पोटावर पिन लावून दिली ना तुझ्या?

नोएमी : दिलीत. लाल दोऱ्यासकट. आठवडाभर आधी.

तोमासा : ग्रहणाचा काय भरवसा.

हासिंतो : मी बिनझिलईचं मडकं करून दिलं तर?

तोमासा : नागडं मडकं? भिंतीवर देवाच्या तसबिरी आहेत.

हासिंतो : आणि भट्टी तीच, तिच्यात मुरलेलं शिसं त्यालाही लागायचंच. जाऊ दे. आई, तू मघापासून कमरेवर हात ठेवून का उभी आहेस?

तोमासा : भांडताना असंच उभं राहतात.

नोएमी : सासूबाई, मी तुमचं सगळं ऐकलं. मयताला गेले नाही. नर्सबाईंचंही ऐकते. रोज चालते, गोळ्या घेते, कॉफी एकच कप. यानं सिगारेट सोडली.

हासिंतो : सोडली कसली, सुटली. वासानंच ओकारी येते सकाळी.

तोमासा : दिवस गेले हिला, ओकतोय हा. गुणी नवरा म्हणतात तो असा.

नोएमी : गेल्या वर्षीचं राहिलं नाही. का, ते कुणालाच ठाऊक नाही. शिशानं गेलं असं नर्सबाईही म्हणत नाहीत. पण या खेपेला जे माझ्या हातात आहे ते मी सोडणार नाही.

तोमासा : त्याला पाळण्यातलं पांघरूण विणलं होतं मी. आहे अजून पेटीत.

नोएमी : ठाऊक आहे मला.

तोमासा : पण गाव काय म्हणेल?

नोएमी : बरं, मग एक सांगा. हासिंतोच्या खांद्यावरचा तो डाग कसला?

तोमासा : हॅटचा. हा पोटात असताना मला महापौराच्या हॅटचे डोहाळे लागले. ह्याचा बाप मेला लाजला, मागायलाच गेला नाही. मन मारलं, ते पोराच्या अंगावर उमटलं.

नोएमी : म्हणजे डोहाळे खायच्याच वस्तूचे हवेत असं नाही.

तोमासा : छे. हॅट कोण खातं?

नोएमी : मग ऐका. मला या पातेल्यातल्या घेवड्याचे डोहाळे लागलेत.

तोमासा : कधीपासून?

नोएमी : आत्ता लागले.

हासिंतो : आई, मुलगी झाली तर? कपाळावर पातेलं.

तोमासा : कानांसकट?

नोएमी : दोन्ही कान. आणि वर झाकण.

तोमासा : खांद्यावर असतं तर झाकता आलं असतं. कपाळावर म्हणजे लग्न जमायची पंचाईत. हासिंतो, खिडकीला फडकं लाव. नोएमी, घेवडा निवडलास?

नोएमी : भिजवलाय कालपासून.

तोमासा : म्हणजे डोहाळे कालच लागलेले.

नोएमी : सांगायचा धीर आज झाला.

तोमासा : शिजव. मी तिकडे बघणार नाही. चव मात्र घेईन, मिठाचा तुला अंदाज नाही. आणि नोएमी...

नोएमी : काय, सासूबाई?

तोमासा : ग्रहणाला अवकाश आहे अजून. तोवर ती पिन दे माझी. किती वेळ घागरा धरून उभी राहू?