मामंजींची पाठ

आज माझ्या हातातून माईक काढून घ्यावा लागतो म्हणून हसताय ना? पहिल्यांदा स्टेजवर चढले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. पारनेरजवळ आमच्या गावात सभा होती. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायांनी आपापली हकिगत सांगायची होती. माझं नाव पुकारलं. वर जाऊन बघते तर पहिल्याच रांगेत मामंजी, माझे सासरे!

त्यांच्यासमोर मी कधी तोंड वर केलं नव्हतं. जेवायला वाढतानाही पदर नाकापर्यंत ओढलेला. त्यात ‘आपल्या घरची बाई रोजानं जायची न्हाई’ हा त्यांचा हुकूम. मी खडीवर गेले की सासूबाई त्यांना सांगायच्या, “सरपणाला गेलीया.” आता बोलणार काय? मी पदर आणखी खाली ओढला.

मामंजी उठले. खुर्ची फिरवली आणि स्टेजकडं पाठ करून बसले. त्यांचं बघून भावकीतल्या म्हाताऱ्यांनीही आपापल्या खुर्च्या फिरवल्या.

मग त्या पाठींकडं बघत मी हळूच म्हणाले, “मामंजींना ठावं न्हाई, पर त्या साली आमच्या घरात चूल पेटली ती माझ्या खडीवर.”

मामंजी मान न वळवता म्हणाले, “ठावं हाय मला. तोंड न्हाई दिसलं कधी, पर वाढताना हातावरले फोड दिसत हुते. आता जरा मोठ्यानं सांग, मागच्या बायांना ऐकू यीना.”