गालावरचा वर्ख

—नाही, ते नंतर. आधी डोळे मीट आणि तोंड बंद ठेव. मिठाईवरचा वर्ख आहे हा, तुमच्या डबीतली चमकी नाही, जोरात श्वास सोडला तरी फाटतो. हां, अशीच बस. आणि मी काय म्हणून राहिली होती ते नीट ऐक, यशश्री, पुन्हा सांगायला लावू नको — 'चांदी' गाणं तू आज म्हणायचं नाही. दुसरं कोणतंही म्हण. एखादं भावगीत म्हण, नाट्यगीत म्हण, मंडळाची सगळी म्हातारी मंडळी खूश होतील. आणि तेच म्हणायचं असेल तर पट्टी खाली घे, चांगली खाली, टेपवर आहे तेवढं उंच नाही. काहून म्हणजे? मी सांगून राहिली म्हणून. आज ज्याचा सत्कार आहे त्या बाबारावची सख्खी बहीण आहे मी, एवढं सांगायचा हक्क असेल ना मला? मान हलवू नको.

बाहेर ऐकलं ना, आल्हाद माइकवर काय बोलून राहिला? मंडळाचा सेक्रेटरी झाला की अंगात येतं लोकांच्या. आधी आमच्या बाबारावदादाच्या 'चांदी'ची जुनी टेप ऐकवणार, मग दादाला शाल, नारळ, आणि त्याच्या पाठोपाठ तू — तेच गाणं, त्याच पट्टीत. लागोपाठ. कोणाच्या डोक्यातून निघालं हे? दादा समोर पहिल्या रांगेत आहे चाकाच्या खुर्चीवर. पाहिलं असशील — उजवं अंग गेलं, बोलायला जातो तर शब्द लोळागोळा होतात. सुनेत्रा वहिनी बाजूला बसली आहे रुमाल घेऊन, सारखं तोंड पुसून राहिली त्याचं. एवढं आयुष्य गेल्यावर त्याला कोणी धड मान देऊन राहिलं आणि ऐन वेळी तू तिथे उभी राहून — जाऊ दे. हनुवटी वर कर.

तुम्हाला वाटतं हे गाणं म्हणजे मजा. वरातीत बँडवाले वाजवतात, पोरं फोनवर त्याच्यावर नाचतात, मागे कुठल्याशा शाम्पूच्या जाहिरातीतही होतं म्हणे. ग्लॅम रॉक म्हणतात त्याला, हे मला आमच्या पियूषनं, माझ्या लेकानं, आत्ता सांगितलं. आम्ही चमकीचं गाणं म्हणायचो. दादाचा दोस्त रॉनी होता ना रेल्वे कॉलनीतला, गिटार वाजवायचा, त्याच्या मावशीनं लंडनहून एक मासिक पाठवलं होतं — त्यात पुरुष, अच्छे खासे पुरुष, तोंडाला चांदी लावलेले, उंच टाचांचे बूट, बायकांसारखे केस. दादा वेडाच झाला. मला म्हणे, शकु, असं तोंड पाहिजे. आता जबलपुरात त्या काळी अशी चमकी कुठे मिळणार? मी सराफ्यात गेली, तिथे मागच्या गल्लीत वर्ख कुटणारे बसायचे, त्यांच्याकडून वर्ख आणला. देवाच्या बर्फीला लावायचा म्हणून सांगितलं. व्हॅसलीन लावलं गालाला आणि कागदावरून असा उलटा दाबला, हा बघ, असा. आईचा लग्नातला शालू कापून त्याची पँट शिवली. आईला कळलं तेव्हा तिनं उरलेले तुकडे घडी घालून ट्रंकेत ठेवले. बूट त्यानं गढा मोहल्ल्यातल्या मोच्याकडून टायरचे थर लावून घेतले, चालताना ठक ठक ठक. आमच्याकडच्या संगमरवरी खडकांवरून मार्बल बॉईज नाव ठेवलं बँडचं. हसू नको गं, वर्ख फाटेल.

नर्मदेच्या काठी, तिलवाऱ्याला, संक्रांतीच्या मेळ्यात एका ट्रकवर उभे राहून पहिल्यांदा म्हटलं त्यांनी. लोक तिळाचे लाडू खायला आले होते बाप्पा, आणि समोर हा चांदीचा माणूस. अर्धे पळाले, अर्धे नाचले. तिथे ती वरच्या सुरातली ओळ — 'मुँह पे चाँदी, पाँव में आग' — ती कोणाला ऐकूच आली नाही, दादा नुसता ओरडला आणि पब्लिक त्याच्याहून जोरात ओरडली. निभून गेलं. पण टेपवर कसं निभणार? रॉनीच्या घरी टेप करायचं मोठं स्पूलचं मशीन होतं, खिडक्यांना गाद्या लावल्या, पंखा बंद, सगळे घामानं चिंब — आणि तो सूर काही लागेना. पुन्हा घे, पुन्हा फाटला, पुन्हा घे. कारण तो सूर गळ्यातून ओढायचा नसतोच मुळी. खालून आणावा लागतो, पोटातून, आणि टाळूला लागला की सोडून द्यायचा, ढकलायचं नाही, आपोआप जातो. मी तर डोळे मिटले होते आणि —

डोळे मीट.

मीट म्हटलं ना. मी काय म्हटलं? दादानं डोळे मिटले होते असं म्हटलं मी. तुझं काहीतरीच. ब्रश दे तो. नाही, तो नाही, बारीक — आणि हलू नको.

अच्छा. तुला आधीच वाटलं होतं. गाणाऱ्या पोरीला कळणारच म्हणा, इतकी दिवसरात्र ऐकून बसली असशील. बरं, मग ऐक आणि इथेच गिळून टाक. तो माझा आवाज आहे. अख्खं गाणं नाही, खालचं सगळं दादाचंच आहे, पण ती वरची ओळ, प्रत्येक वेळची, जिच्यासाठी तुम्ही सगळे वेडे झाले, ती माझी. मी तिथे काहून होती? वर्ख लावायला. टेपवर तोंड दिसत नाही, तरी दादाला चेहरा चमकवल्याशिवाय गाता येत नव्हतं. मी व्हॅसलीनची बाटली घेऊन कोपऱ्यात, त्याचा सूर फाटला की मनातल्या मनात तो लावायची, एकदा मनातला बाहेर आला. रॉनीनं मान वळवली. दादानंही. आणि दादाच म्हणाला, इकडे ये, मशीनजवळ उभी राहा. त्याला काय वाटलं असेल तेव्हा, मी आजवर विचारलं नाही.

नाव कसं लावणार माझं? आमचे वडील कारखान्यात फोरमन, पोरगी रेल्वे कॉलनीत जाऊन पोरांच्या बँडमध्ये गायली हे कळलं असतं तर माझं कॉलेजच बंद केलं असतं. दादानं सांगून टाकलं, सगळं मीच गायलो. झालं. टेपची कॅसेट झाली, कॅसेटच्या कॅसेटी झाल्या, पानाच्या ठेल्यावर वाजायला लागली. आणि मग काय झालं माहीत आहे? लोक त्याला चिडवायला लागले. बाईच्या आवाजात गातो म्हणून. मौसी म्हणायचे त्याला, भर बाजारात, मागून टाळ्या वाजवून. कारखान्यात नोकरीला लागला तिथे पण. एकदा सायकल अडवून गालाला शेण फासलं चौघांनी, घे म्हणे चांदी. घरी आला, मोरीवर मीच तोंड धुवून दिलं त्याचं. एक शब्द बोलला असता ना — माझी बहीण आहे ती — तर सुटला असता. नाही बोलला. गाणंच सोडलं त्यानं. माझ्या आवाजाच्या शिव्या त्यानं खाल्ल्या, यशश्री.

आणि खोटं काहून बोलू, मला रागही येतो. आता दिवस फिरले तर त्याच आवाजाचे हारही त्यालाच. पेपरवाले येतात, विचारतात, बाबारावजी, ती तान कशी घेतली, आणि मी चहाचा ट्रे घेऊन उभी. माझ्या लेकाला माहीत नाही. माझा नवरा गेला, त्यालाही माहीत नव्हतं, तो म्हणायचा तुला गाण्यातलं काय कळतं. स्वयंपाकघरात एकटी असली की कुकरची शिटी झाल्यावर हळूच लावून पाहायची मी तो सूर, शिटीत कोणाला ऐकू येत नाही. मागच्या दिवाळीपर्यंत लागायचा. आता नाही लागत.

म्हणून म्हणते, नको म्हणू. आधी टेप वाजणार, तिच्या पाठोपाठ तुझा आवाज, पोरीचा आवाज. बहिऱ्यालाही कळेल दोन्हीकडे बाईच गाऊन राहिली आहे. तो तिथे पांगळा बसलेला, शाल अंगावर, उठून जाताही येणार नाही त्याला. सगळे त्याच्याकडे पाहतील. माझ्या दादाचं एवढं एकच आहे, ते आज त्याच्या समोर ओढून घेऊ नको. हात जोडते तुला. चलो, झालं, आता दुसरा गाल.

काय? बोल, बोल, ओठ कमी हलव.

कोण म्हणालं, त्याच पट्टीत म्हण? आल्हाद? मग?

दादा?

दादाला बोलता येत नाही गं. तू कधी गेली होतीस त्याच्याकडे? परवा — वहिनी देवळात होती तेव्हा. बरं. तू खालच्या पट्टीत म्हणून दाखवलं. आणि त्यानं डावा हात — वर केला? पुन्हा वर? तू चढवत गेलीस आणि तो हात वर, वर करत राहिला. टेपच्या पट्टीला आली तेव्हा हात खाली ठेवला. नक्की? झटका नव्हता ना आला, त्याला येतात कधी कधी. रडत होता? नाही. बरं.

आणि तू विचारलं, या ओळीत श्वास कुठे घ्यायचा.

काय म्हणाला?

पुन्हा सांग. एकच शब्द? तोंडातून धड पाणी गिळता येत नाही त्याला, वहिनीचं नाव सुद्धा लागत नाही — आणि हे नीट बोलला? 'शकु'? माझं नाव? म्हणून तू मला बोलावलं वर्ख लावायला. आणि मी इथे अर्ध्या तासापासून —

थांब. काही बोलू नको आता. आल्हादनं टेप लावली बाहेर. हा रॉनीचा गिटार, हा दादा. दादा चांगला गायचा गं खालच्या सुरात, कोणी सांगतच नाही ते. ऐक आता, येऊन राहिली ओळ. हं.

हं.

ऐकलं? नाही घ्यायचा श्वास. आधीच भरून ठेवायचा, पोटापर्यंत, आणि 'आग' संपेपर्यंत घ्यायचा नाही. मी नव्हता घेतला. दुसरा गाल राहू दे तसाच. जा. त्याच पट्टीत. तुझं नाव पुकारून राहिले, जा ना, काहून बसली माझ्याकडे पाहत.