मागच्या सीटवर कोणी नव्हतं

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष श्रीनिवासराव देवस्थळी, वॉटफर्डहून वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या वरदाताई लेले, मंडळाचे सर्व पदाधिकारी, वडीलधारी मंडळी, मित्रमैत्रिणी, पुढे सतरंजीवर बसलेली आणि अजून तरी शांत असलेली मुलं, आणि मधल्या खुर्चीत बसायला नको नको म्हणत असतानाही आम्ही जिथे बसवलंच त्या आपल्या सुचेताकाकू खांबेटे, सर्वांना माझा नमस्कार.

श्रीनिवासरावांनी मला सात मिनिटं दिली आहेत. मला जास्त लागतील. ते घड्याळ दाखवतील तेव्हा मी बघणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काकू मिल्टन कीन्समध्ये एकतीस वर्षं राहिल्या. त्यातली एकोणीस वर्षं त्यांनी इथल्या शाळेत परीक्षांच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून काम केलं. आपल्या मुलांचा रविवारचा मराठी वर्ग त्यांनी चालवला, त्याबद्दल वरदाताई माझ्यापेक्षा चांगलं बोलल्या. येत्या मंगळवारी काकू लेकीकडे, अक्षयाकडे, कार्डिफला कायमच्या राहायला निघाल्या आहेत. मंडळाचा सचिव म्हणून मी त्यांच्याबद्दल चार शब्द बोलावेत, अशी सूचना आली आणि मी हो म्हणालो.

ते चार शब्द एका मोटार अपघाताबद्दल आहेत. या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी त्याची गोष्ट ऐकलेली आहे. ती पसरली माझ्यापासूनच. आणि ती चुकीची ऐकली आहे.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. शनिवार, दुपारचे सव्वादोन. दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम संपवून मी काकूंना गाडीने घरी सोडायला निघालो होतो. वाटेत एक राउंडअबाउट लागला. मिल्टन कीन्समध्ये वाटेत राउंडअबाउट लागला हे सांगणं म्हणजे वाटेत रस्ता लागला असं सांगण्यासारखं आहे, पण हा लक्षात राहिला. माझ्या पुढे एक काळी गाडी उभी होती. उजवीकडून काहीच येत नव्हतं. ती निघाली, तिच्यामागे मी निघालो, आणि दोन गाड्यांच्या अंतरावर जाऊन ती एकदम थांबली. तिच्यासमोर काहीच नव्हतं. माणूस नाही, सायकल नाही, साधं मांजर नाही. माझी गाडी तिच्या बंपरला जाऊन लागली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

आम्ही गाड्या बाजूला घेतल्या. त्या गाडीतून तिशीतला एक माणूस उतरला. अतिशय शांत, अतिशय सभ्य. 'डोन्ट वरी मेट, असं होतं कधीकधी, विसरून जा,' म्हणाला. त्याने खिशातून एक कागद काढून दिला. त्यावर त्याचं नाव, पत्ता, इन्शुरन्स कंपनी, पॉलिसी नंबर, सगळं आधीच लिहून तयार होतं. मला वाटलं, किती व्यवस्थित माणूस आहे. मी नागपूरचा, सॉफ्टवेअर टेस्टर. मला महिन्याचा पगार मिळतो तो संशय घेण्याचा. आणि ज्या माणसाच्या खिशात अपघाताची चिठ्ठी आधीच तयार होती त्याचा मला संशय आला नाही. तो मला नंतर आला, आणि भलत्याच माणसाचा आला.

काकू तोपर्यंत खाली उतरल्या होत्या. त्या त्याच्या गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारून आल्या. परीक्षेच्या हॉलमध्ये रांगांमधून फिरतात ना, तशाच. मग इथल्या प्रत्येक तरुणाला विचारतात तसं त्यांनी त्यालाही विचारलं, 'तू कुठल्या शाळेत होतास?' तो म्हणाला, मी इकडचा नाही. काकूंनी पर्समधून छोटी डायरी काढली आणि काहीतरी लिहिलं.

गाडीत बसल्यावर त्या मला म्हणाल्या, "नकुल, आजच्या आज इन्शुरन्सला फोन कर."

"काकू, ओरखडा आहे नुसता. तोच म्हणाला ना, विसरून जा."

"तो म्हणाला म्हणूनच कर. क्लेम करायचा नसला तरी अपघात कळवायचा असतो. पॉलिसीत तसं लिहिलेलं असतं."

"बघतो."

"बघतो नाही. कर."

रविवारी त्यांचा फोन आला, केलास का? बुधवारी पुन्हा आला. मी दोन्ही वेळा हो, करतोय म्हणालो. केला नाही. अकराव्या दिवशी एका वकिलांच्या ऑफिसातून पत्र आलं. त्या काळ्या गाडीचा चालक आणि तिच्यातले दोन प्रवासी, अशा तिघांच्या माना आणि पाठी जायबंदी झाल्या आहेत, तिघेही कामावर जाऊ शकत नाहीत, जबाबदार मी.

तिघे. मी ते पत्र स्वयंपाकघरात उभ्याने चार वेळा वाचलं.

मग मी फोन केला. पलीकडे एक बाई होत्या, आवाज गोड, प्रश्न मात्र एकेक तोलून मापून. कॉल रेकॉर्ड होतोय असं त्यांनी आधीच सांगितलं. अकरा दिवस का थांबलात? तुमच्या गाडीत कोण होतं? त्यांच्या गाडीत किती जण होते? मी म्हणालो, मला वाटतं एकच. त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाटतं?" आणि टाइप केल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, तुमचा मोबाइल कुठे होता?

मी म्हणालो, खिशात.

मंडळी, तो खिशात नव्हता. तो समोर स्टँडला लावलेला होता. त्याच क्षणी त्यावर मेसेज आला होता आणि मी त्याच्याकडे बघितलं होतं. एक सेकंद असेल. मी अकरा दिवस फोन केला नाही त्याचंही कारण हेच होतं. कोणीतरी हा प्रश्न विचारील, हे मला माहीत होतं.

पाच महिन्यांवर आमचा आयएलआरचा अर्ज आला होता. इथे कायमचं राहण्याची परवानगी. त्या अर्जात तुमच्या वागणुकीबद्दल प्रश्न असतात, हे या हॉलमध्ये कोणाला समजावून सांगायला नको. मी घाबरलो होतो. घाबरलेल्या माणसाने करू नये ते मी केलं. मी काकूंना फोन केला.

"काकू, इन्शुरन्सवाले तुम्हाला विचारतील. ते मोबाइलचं जरा राहू द्या."

त्या म्हणाल्या, "मला विचारतील ते मी सांगेन. न विचारलेलं सांगणार नाही. पण विचारलं तर सांगेन."

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. साक्षीदाराच्या जबाबात आणि तुमच्या जबाबात तफावत आहे, आमचे तपास अधिकारी तुम्हाला भेटायला येतील.

त्या दिवसापासून माझं डोकं उलटं चालायला लागलं. काकूंनी असं का केलं असेल? दिवाळीच्या कार्यक्रमात मी त्यांच्या वर्गाच्या नाटुकल्याची वीस मिनिटांची दहा मिनिटं केली होती. त्याचा राग असेल का? मग आठवलं, त्यांनी त्या माणसाला शाळा विचारली होती. ओळखत होत्या की काय? डायरीत काय लिहिलं त्यांनी? मला आधी का दाखवलं नाही? एकदा संशय घ्यायचाच ठरवलं की माणसाला पुरावे कमी पडत नाहीत. त्या दुकानात भेटल्या आणि हसल्या तर मला वाटायचं, का हसल्या? नाही हसल्या तरी तेच.

आणि मी हे मनात ठेवलं नाही. मी इथे, याच हॉलच्या पार्किंगमध्ये, श्रीनिवासरावांना म्हणालो की काकूंनी सूड घेतला. दिवाळीच्या हिशोबाच्या मीटिंगनंतर चहा पिताना आणखी चौघांना म्हणालो की त्या माणसाची आणि काकूंची आधीची ओळख दिसते, बघा काय समजायचं ते. मी कुठेही 'त्यांनी पैसे खाल्ले' असं म्हणालो नाही. मी फक्त 'बघा' म्हणालो. पुढचं काम लोकांनी केलं.

दोन महिन्यांत वर्गातली चौदा मुलं सहा झाली. कोणी सांगितलं स्विमिंग आहे, कोणी सांगितलं ट्यूशन आहे. मग एका रविवारी काकूंनी वर्गाची किल्ली श्रीनिवासरावांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, गुडघा दुखतो. वर्ग तेव्हापासून बंद आहे. वरदाताई, मघाशी तुम्ही म्हणालात की काकूंनी तब्येतीमुळे वर्ग थांबवला. काकूंच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. त्या आजही इथे चालत आल्या आहेत, रेडवेच्या पायवाटेने, दोन मैल.

तपास अधिकारी आला, त्याचं नाव कीथ. साठीला टेकलेला, बूट दारात काढून आत आला. माझी बायको आसावरी शेजारी बसली होती. तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत सांगतो.

तो म्हणाला, "मिसेस खांबेटेंनी मला त्यांची डायरी दाखवली. दोन वाजून बावीस मिनिटं. गाडीचा नंबर. चालक एक. मागची सीट छतापर्यंत खोक्यांनी भरलेली, पुढच्या सीटवर एक मोठा टीव्ही, बेल्ट लावून. त्या गाडीत दुसरं माणूस मावलंच नसतं."

मी म्हणालो, मग प्रश्न सुटला.

"नाही. त्याखाली पुढची ओळ आहे. नकुलने फोनकडे बघितलं. तुम्ही म्हणता फोन खिशात होता." त्याने माझ्याकडे बघितलं. "मी सव्वीस वर्षं हे काम करतोय. साक्षीदार बहुतेक वेळा आपल्या माणसाच्या सोयीचं बोलतो, म्हणून आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. या बाईंनी तुमच्या गैरसोयीचं सांगितलं. म्हणून त्यांनी सांगितलेल्या खोक्यांवर माझा विश्वास आहे. पण तुमचा जबाब असाच राहिला तर समोरचे वकील म्हणतील, दोघांपैकी एक खोटं बोलतोय, कोण ते तुम्हीच ठरवा. आणि मग त्यांच्या शब्दाला काही किंमत राहणार नाही. तुम्हाला जबाबात काही बदलायचं आहे का?"

आसावरीला यातलं काही माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "नकुल, बघितलं होतंस की नाही?"

कीथने घाई केली नाही. मी हो म्हणालो. त्याने नवीन जबाब लिहून घेतला, मला वाचून दाखवला, आणि मी सही केली.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या गाडीत बसलेले म्हणून ज्या दोघांची नावं होती त्यांना कीथने फक्त एकच विचारलं, तुम्ही टीव्हीच्या कुठल्या बाजूला बसला होता? वकिलांच्या ऑफिसने पंधरा दिवसांत तिन्ही दुखापतींचे दावे मागे घेतले. बंपर मात्र मी भरून दिला, कारण मागून माझीच गाडी लागली होती. उशिरा कळवल्याबद्दल आणि खोटं सांगितल्याबद्दल कंपनीने मला कडक पत्र पाठवलं आणि पॉलिसी पुन्हा दिली नाही. ते योग्यच होतं. आयएलआर मिळाला. तुम्ही सगळे पेढे खायला आमच्याकडे आला होतात. काकूही आल्या होत्या. त्यांनी पेढा घेतला, अभिनंदन केलं आणि लवकर गेल्या.

या गोष्टीला आता चौदा महिने झाले. मी खोटी गोष्ट पाच जणांना सांगितली होती. खरी एकालाही सांगितली नाही. श्रीनिवासरावांनी एकदा विचारलं होतं, काय झालं रे त्या केसचं? मी म्हणालो, मिटली.

मागच्या शनिवारी मी काकूंकडे सामान बांधायला गेलो होतो. पुस्तकांचं तिसरं खोकं बंद केल्यावर मी एकदाचं बोललो. काकू, मी तुमच्याबद्दल लोकांना काय काय सांगितलं ते तुम्हाला माहीत नाही, मला माफ करा. काकूंनी टेप कापला, खोक्यावर मार्करने 'व्याकरण' असं लिहिलं आणि म्हणाल्या, "मला सगळं माहीत आहे. मुलं यायची थांबतात तेव्हा कळतंच. मला सांगून काय उपयोग? ज्यांना खरं माहीत नाही त्यांना सांग."

मी म्हणालो, निरोप समारंभात सांगतो.

त्या म्हणाल्या, "बघू."

त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. तो नसणं बरोबरच होतं. आज सकाळपर्यंत माझाही नव्हता. माझ्या खिशात दुसरं भाषण आहे. छान आहे, त्यात दोन विनोद आहेत, आणि या घटनेचा एक शब्द नाही.

काकू, उठू नका. बसा. श्रीनिवासराव, घड्याळ राहू द्या, संपवतोच.

तर या हॉलमधल्या ज्या आठ घरांनी मुलांना वर्गातून काढलं त्यांना मला सांगायचं आहे की ते तुम्ही माझ्या शब्दावरून केलंत, आणि माझा शब्द खोटा होता. सुचेताकाकू त्या माणसाला ओळखत नव्हत्या. त्यांनी कोणताही सूड घेतला नाही. त्यांनी जे बघितलं तेवढंच सांगितलं, आणि त्यामुळे मला खोटा जबाब वेळेत सुधारता आला, म्हणून मी आणि माझं घर आज या देशात आहोत. वर्ग माझ्यामुळे बंद पडला. तुमच्या मुलांचं दीड वर्ष माझ्यामुळे गेलं.

अध्यक्षांनी आणि मंडळाने मला बोलू दिलं, वरदाताई एवढ्या लांबून आल्या, स्वयंपाकघरात सकाळपासून राबणाऱ्या सगळ्यांनी आपल्यासाठी जेवण केलं, त्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, कुठे शब्द वेडावाकडा गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. काकूंच्या बाबतीत जे केलं ते मात्र पोटात घाला असं मी तुम्हाला म्हणणार नाही. ते माफ करायचं की नाही हे काकूंनी ठरवायचं आहे, आणि त्यांनी अजून ठरवलेलं नाही. जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी त्यांच्याकडे एकदा जाऊन या. मुलांना बरोबर घेऊन जा.

नमस्कार.