हिरामणचा दुखवटा

मंडळी, तुम्ही शिरपूरहून, दोंडाईच्याहून, कुठून कुठून आलात. काही जण दारातच उभे आहात. आत या, जागा आहे.

मला बोलायला सांगितलंय. माझी शाळा गावातली, सभेची सवय नाही. आणि खरं सांगू? मला अजून रडू आलेलं नाही. सुकलाल गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बैलांना पाणी दाखवत होतो. ऐकलं आणि पुन्हा पाणी दाखवत राहिलो. आत काही हललं नाही. अजून हललेलं नाही.

सुकलालचं इथे धुळ्यात सायकलीचं दुकान. माझं वावर भडगावकडे, गिरणेकाठी, पण ओळख जुनी. एका हिवाळ्यात तो म्हणाला, "नाना, तुमना वावरमा भरीत करूत का? मना काही दोस्त येतीन." भरिताला आपल्याकडे कोण नाही म्हणतो? थंडीत चार माणसं वावरात का जमली, हे कोणी विचारतही नाही. सुकलालने तेच हेरलं होतं.

आले सगळे. कपाशीच्या काड्या पेटवल्या, वांगी टाकली. आणि मी? जो दिसेल त्याला विचारतोय, "लग्न झालं का, भाऊ? एक चांगलं स्थळ आहे." एकाला तर मुलीच्या मामाचं गावही सांगून टाकलं. तो बिचारा मान खाली घालून लसूण सोलत राहिला. शेवटी सुकलालने मला बाजूला घेतलं. "नाना, पोरी नका दखाडू. आम्हनं मन बाईकडे जात नही. गडीकडे जास. बठ्ठासनं."

सगळ्यांचंच म्हणे! मी म्हणालो, "वांगं जळी ऱ्हायनं. फिराव."

पुढे कितीतरी वर्षं तो हे सांगून हसायचा. आत्ता तुमच्यातलेही काही हसलात. हसा. त्या संध्याकाळी मारुतीपुढे दिवा लावताना मी देवाला विचारलं. देव बोलला नाही. रागावलाही नाही. पुढच्या हिवाळ्यात मीच निरोप धाडला, वांगी आलीत म्हणून.

मग सुकलाल वावराबाहेरही बोलायला लागला. एकदा कुठल्याशा स्टँडवर तुमच्यातल्या दोघांना पोलिसांनी धरलं. हा दुकान बंद करून ठाण्यात गेला. म्हणाला, "साहेब, हाच गुन्हा असेल तर मलाही बसवा. मीही तसाच आहे." आपल्या भागात हे उघड म्हणणारा तो पहिला. दोघं सुटले. पण मग कोणीतरी दुकानाच्या फळीवर घाण शब्द लिहिला. मी पुसायला फडकं घेतलं, तर म्हणतो, "ऱ्हाऊ द्या, नाना. शोधत येणाराले पत्ता सापडी."

आणि लोक आले. तुम्हीच आलात.

दुकानामागच्या खोलीत हिरामण त्याच्यासोबत राहिला. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. तो बघा, भिंतीला टेकून बसलाय. दवाखान्यात सुकलालचं तोंड कोणी पुसलं? मुगाची खिचडी कोणी भरवली? आबा, तुम्ही सुकलालचे थोरले भाऊ. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

काल तेरावं झालं. सोयऱ्यांनी आबांना टोपी-टॉवेल देऊन दुखवटा काढला. आपली रीतच आहे. दुखवटा निघाल्याशिवाय ज्याचं माणूस गेलं, तो कामाला लागत नाही. आबा आज सकाळी वावरात जाऊन आले. चांगलं झालं. हिरामण मात्र घरातच होता. मी विचारलं, "का रे, जिनिंगले नही गया?"

तो म्हणाला, "मना दुखोटा कोठे निंघना, नाना?"

मंडळी, कोणाचं माणूस गेलं, हे गावाला टोपी सांगते. हिरामणचं डोकं उघडं आहे. सुकलाल जन्मभर काय मागत होता? एवढंच ना, की आमचं नातं नात्यात धरा? मग त्याच्या फोटोला हार घालायचा आणि हिरामणला तसंच बसवायचं?

मी टोपी-टॉवेल आणलाय. इथे टेबलावर ठेवतो. दुखवटा सोयऱ्याने काढायचा असतो. आबा, हिरामणचे सोयरे तुम्हीच. तुम्ही उठलात तर फार चांगलं. नाही उठलात तर मी काढीन, आणि तुमच्यावर राग धरणार नाही.

आता सगळ्यांनी उभं राहा. घड्याळ कोणी पाहू नका. हिरामणच्या डोक्यावर टोपी बसेपर्यंत आपण गप्प उभं राहायचं.

आबा...