दहा मिनिटांची न तोडलेली मुलाखत

मी, बाजारात ‘चावीमास्टर’ या नावाने ओळखला जाणारा, वय ५८ वर्षे, धंदा चाव्या बनवणे व कुलपे उघडणे, राहणार बाजारामागची गल्ली, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की,

सदर धंदा वडिलांपासून चालत आला आहे. माझ्या टपरीला लागून घड्याळ दुरुस्तीचे दुकान आहे. मध्ये नुसती फळी असल्याने इकडचे बोलणे तिकडे जाते.

आज सकाळी टपरीवर एक मुलगी आली. माझी तिची ओळख नव्हती. तिला विद्यापीठात जनसंवाद शिकायचे आहे असे तिने सांगितले. त्यासाठी बारावी आणि प्रवेश परीक्षा पुरत नाहीत. एखाद्या अनोळखी कामकरी माणसाची दहा मिनिटांची मुलाखत, मध्ये कुठेही न तोडता, रेकॉर्ड करून द्यावी लागते. मुदत आज पाचपर्यंत. मी हो म्हटल्यावर तिने मोबाइल सुरू केला.

मी म्हणालो, “लोकांशी बोलायला शिकायचं तर तीन वर्षं कशाला? आमचा घड्याळवाला फुकटात शिकवेल.”

ती म्हणाली, “काका, हेही रेकॉर्ड होतंय बरं.”

कोणते कुलूप लवकर उघडते, लोक चाव्या कुठे हरवतात, असे तिने विचारले. असे प्रश्न मला आजवर कोणी विचारले नव्हते. मी सांगितले की, दार उघडायला जाताना शेजारचा एकजण सोबत घेतो आणि स्वतः उंबरठ्याबाहेर थांबतो. तिने विचारले, “मग कधीच आत गेला नाहीत?” मी चावी घासत होतो, ती खाली ठेवली. मुलीने मोबाइल तसाच धरून ठेवला. मग मी म्हणालो, “एकदा गेलो. भावाच्या घरी.”

पुढचे रेकॉर्डिंगमध्ये आहे. ते येथे लिहून घेण्याचे कारण नाही. घरीही मी ते सांगितलेले नाही.

घड्याळवाल्याने फळीपलीकडून कुलपांचे आणि आत जाण्याचे तेवढे ऐकले. गेल्या महिन्यात गल्लीत चोरी झाल्याने त्याने पोलिसांना बोलावले. त्यात त्याचे काही चुकले असे मी म्हणत नाही. दहा मिनिटे भरून रेकॉर्डिंग संपल्यावर हवालदारांनी मुलीला थांबवून मोबाइल ताब्यात घेतला व आम्हा दोघांना ठाण्यात आणले.

दुसऱ्या कोणाची तरी मुलाखत घे, असे ठाण्यातल्या साहेबांनी तिला सुचवले. ती “यांचीच द्यायचीय” एवढेच बोलली. पुन्हा बसायला माझी ना नाही. पण ते मला दुसऱ्यांदा सांगता येणार नाही.

साहेबांनी माझ्यासमोर रेकॉर्डिंग लावले. भावाचे दार उघडल्यानंतरचे थोडे ऐकून त्यांनी ते स्वतःच बंद केले व भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मोबाइल मुलीला पाचच्या आत मिळावा.

जबाब मला वाचून दाखवला; मी बोललो तसाच आहे. फक्त ‘संशयित मुलगी’ लिहिले होते, तिथे ‘विद्यार्थिनी’ लिहा असे मी सांगितले. साहेब म्हणाले, “अहो मास्टर, अजून प्रवेश कुठे झालाय?” मी म्हणालो, “मोबाइल द्या, होईल.” ‘संशयित’ खोडले आहे. त्याखाली माझी सही आहे.