पूर्ण भरलेली कोडी

मंडळी, नानांच्या शोकसभेला तुम्ही एवढ्या उन्हात आलात. मला भाषण येत नाही. मी रशीद, नानांच्या घराखालचा शिंपी. हातात सुई नसली की मला बोलायला सुचत नाही. तरी आज बोलायलाच हवं.

नाना पोस्टातून निवृत्त झाले, काकू गेल्या, आणि तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघं पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो. ते ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढायचे, मी चहा मागवायचो. ते शोधसूत्र मोठ्यानं वाचायचे, "हाई तुना धंदानं शे, तू सांग." एखादा शब्द अडला तर अडलेलाच घेऊन मी मशीनवर बसायचो. दुपारी काज करताना तो अचानक सापडायचा. मी खालून हाक मारायचो, आणि नाना वरून म्हणायचे, "माले कव्हानाच सापडना." म्हणजे त्यांना तो केव्हाच सापडला होता. खोटं बोलायचे. काय सुख होतं हो त्यात. चार घरं भरली की दिवस चांगला जायचा.

नानांची लेक रेखा धुळ्याला. तिनं बापाला किती वेळा म्हटलं, चला माझ्याकडे. नाना म्हणायचे, "कोडं सुटस तवलोंग मी कोठेच जावाव नही." कोडं सुटतंय तोवर कुठे जायचं नाही, असं शेवटी बापलेकीचं ठरलं. रोज भरलेल्या कोड्याचा फोटो तिला पाठवायचा. कोडं सुटतंय, म्हणजे नाना ठीक आहेत. नानांना मोबाइल जमत नव्हता. फोटो मी काढायचो.

मंडळी, गेल्या दिवाळीनंतर कोडं सुटत नव्हतं.

'समुद्र' हवा तिथे नानांनी तीन घरांत तीनदा 'क' लिहिला. मला वाटलं, झोप झाली नसेल. मग रोजच व्हायला लागलं. मी काय केलं? खोडरबर घेतलं. खोडलं, बरोबर शब्द लिहिले, फोटो पाठवला. रेखाचा निरोप आला, "आज पण पूर्ण! शाब्बास नाना." असे पाच-सहा महिने. रोज.

का केलं? नानांची लाज राखायला, असं मी स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे. रेखा त्यांना घेऊन गेली असती, तर माझ्यासमोर कोण बसलं असतं? मला माझा सोबती सोडवत नव्हता.

एक दिवस मी खोडत होतो. नानांनी माझा हात धरला. म्हणाले, "राहू दे रशीद. तसंच धाड. पोरले कळू दे."

त्यांना कळत होतं. ऐकलंत ना? त्यांना स्वतःला कळत होतं. मी हसलो. म्हटलं, "नाना, एक-दोन शब्द चुकले म्हणून काय झालं?" आणि खोडलं.

पुढे पंधरा दिवसांनी भर दुपारी ते घराबाहेर पडले. जन्म जळगावात गेला, पण घराचा रस्ता सापडला नाही. असोद्याच्या रस्त्याला लोकांना मिळाले तेव्हा अंगात उन्हाचा ताप होता. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

परवा अंत्ययात्रेत मी मागे चालत होतो. माझ्या कानांनी ऐकलं. कोणी म्हणत होतं, लेकीनं बापाला एकटं टाकलं. रेखाही खाली मान घालून तेच म्हणत होती, मला कसं कळलं नाही. बेटा, तुला कळणार कसं? मी कळू दिलं नाही. तू रोज विचारत होतीस आणि मी रोज खोटं उत्तर पाठवत होतो.

माफी मी इथे मागणार नाही. चारचौघांत मागितली तर तुला 'नाही' म्हणता येणार नाही. मी धुळ्याला येईन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

नानांना माझा सलाम. आता दोन मिनिटं सगळे शांत उभे राहू या. आणि ज्यांनी परवा रेखाला नावं ठेवली, त्यांनी ही दोन मिनिटं माझ्याकडे बघावं.