गोळीला चालू द्या!

...नाही नाही, आधी मला सांगा, आजारी माणसाला भेटायला यायचं की त्याच्यावर इलाज करायला? तुम्हाला सांगतो, माझ्या बायकोला, किशोरीला रक्ताचा कॅन्सर झाला आणि अख्खं पनवेल डॉक्टर झालं! लिफ्टमध्ये भेटेल तो विचारतो, गुळवेल देता का? अरे, गोळी चालू आहे ना? मग गोळीला चालू द्या!

आणि गोळी काय साधीसुधी आहे? डॉक्टर अंकितांनी कागदावर चित्र काढून समजावलं मला. "काका, पेशीची वेळ भरली की ती आपण होऊन मरते. काकूंच्या वाईट पेशींना एक प्रोटीन मरूच देत नाही. ही गोळी नेमकी त्या प्रोटीनला अडवते, मग त्या मरायला लागतात." इतकं सरळ! पण घरी सांगायची सोय आहे? गोदूताई, माझी थोरली बहीण, कोन गावात दिलेली, तिने कानांवर हातच ठेवले. "किस्ना, आजाऱ्याचे घरान मरन-मरन काय बोलतंस रं? दिवा लाव आदी!"

बरं, शेजारचा परेश हिरवी बाटली घेऊन हजर! "अंकल, सिर्फ एक चमचा! माझ्या मामांचं सगळं क्लिअर झालं!" मामांना काय होतं म्हटलं? तर मूळव्याध! डोकं फिरलं माझं. खुर्ची टाकून दारातच बसलो. दारावर डॉक्टरांचा कागद चिकटवला: काढे नकोत, पाल्याचे रस नकोत, ग्रेपफ्रूट नको. आता ते विलायती फळ पनवेलच्या बाजारात कोण आणतंय? ती ओळ मी दुसऱ्यांदा वाचलीसुद्धा नाही. पण येईल त्याला बाटलीसकट परत पाठवला. गोळीला चालू द्या!

आत सोडली ती फक्त ताईला. तिने मला कडेवर वाढवलं, तिला कसा अडवणार? आणि आणलं काय होतं बिचारीने? पपनस! आपण गणपतीपुढे मांडतो ते. "घरचा हाय, फवारनी नाय. खा गो बाय." किशोरीच्या तोंडाला चव नव्हती हो. मग रोज दुपारी मीच सोलायचो, एकेक फोड साफ करून भरवायचो. आवडीने खायची. मला इतकं बरं वाटायचं...

दहाव्या दिवशी ताप. रक्तातल्या चांगल्या पेशीसुद्धा तळाला गेलेल्या. ॲडमिट! मी कॉरिडॉरमध्ये उभा, तुम्हाला सांगतो, इतका आयुष्यात घाबरलो नव्हतो. डॉक्टर विचारतात, "बाहेरचं काही दिलंत?" मी छाती काढून म्हटलं, "कुणाला दारात उभं केलं नाही! नुसतं पपनस, तेही घरचं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, पपनस ग्रेपफ्रूटच्याच घरातलं! ते खाल्लं की शरीराला गोळी पचवता येत नाही, ती रक्तात साठत जाते. एक घेतली तरी जास्त घेतल्यासारखी होते."

गोळी आठ दिवस बंद ठेवली. ताप उतरला, किशोरी घरी आली, गोळी पुन्हा सुरू झाली. आता दारातल्या खुर्चीवर ती बसते. परेश आत येतो, गप्पा मारतो, चहा पितो, बाटली परत नेतो. ताई आत येते. मी नुसता सुरी घेऊन किचनमध्ये शिरलो की आवाज येतो, "अहो, काय सोलताय? गोळी चालू आहे, गोळीला चालू द्या!"

काही नाही हो. स्वतःसाठी कांदा चिरत होतो.